वरून खाली : इंदापूरच्या मातीत रुतलेला एक सिद्धान्त

१/ एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, अर्थात १०८९ चौरस फूट जागा. असे ४० गुंठे मिळून एक एकर. सातबाऱ्यावर हा शब्द आपण सर्वांनी वाचलेला असतो. परंतु ३३ हाच आकडा का, असा प्रश्न सहसा पडत नाही. मुंबई इलाख्याच्या महसुली मोजणीत वापरली जाणारी साखळी ३३ फुटांची होती. तिचे १६ भाग पाडलेले असत आणि त्या प्रत्येक भागास ‘आणा’ म्हणत. रुपयाचे सोळा आणे, तसे साखळीचेही सोळा आणे.

ही मोजणी ज्या मुलखांतून गेली त्यांपैकी पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात एका मोठ्या प्रश्नाची परीक्षा झाली : वर बसलेल्या माणसाला खालचे सारे ठरवता येते काय? आजचा धागा त्या परीक्षेविषयी आहे. धागा लांब आहे, सावकाश वाचावा.

२/ प्रथम शब्दाविषयी. ‘टॉप-डाउन’ हा शब्द आज सर्वत्र ऐकू येतो. सैन्यात त्याचा अर्थ वरिष्ठाचा हुकूम. कारखान्यात त्याचा अर्थ मुख्य कचेरीने ठरवलेले उत्पादनाचे लक्ष्य. संगणकाची आज्ञावली लिहिणारा मोठा प्रश्न आधी पूर्ण मांडतो आणि मग त्याचे तुकडे पाडत खाली येतो. तोही त्यास हेच नाव देतो. मानसशास्त्रज्ञ म्हणतात की डोळ्यांना जे दिसते त्यातील बराच भाग मनातील पूर्वकल्पना ठरवते. तेथेही हाच शब्द. या सर्वांत समान धागा एकच : आधी संपूर्णाची कल्पना, मग तिच्यानुसार अंशांची मांडणी.

३/ अशा नियंत्रणावाचून काही कामे होतच नाहीत. रेल्वे घ्या. एकाच रुळावरून समोरासमोर गाड्या धावणार असतील, तर कोणती गाडी कोठे थांबावी हे प्रत्येक चालकाने आपल्या मर्जीने ठरवून चालणार नाही. वेळेचेही तेच. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानात प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्याहून ३९ मिनिटे मागे होती आणि मुंबईकरांना हा बदल मुळीच रुचला नाही. मुंबई महापालिकेने आपली ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत सोडली नाही! अर्धे शतक एका शहरात दोन वेळा नांदल्या. हट्ट म्हणून तो मला आवडतो. पण आगगाडी कोणाच्या घड्याळावर चालावी, याचे उत्तर एकच असू शकत होते.

४/ आता उलट बाजू. जुलै १९४२. आइसलँडहून सोव्हिएत रशियाच्या उत्तर किनाऱ्याकडे निघालेला ‘पीक्यू-१७’ हा व्यापारी जहाजांचा काफिला युद्धनौकांच्या संरक्षणात चालला होता. ‘टिर्पिट्झ’ ही जर्मनांची प्रचंड युद्धनौका त्यावर चालून येत आहे, असा लंडनमधील नौदल मुख्यालयाचा समज झाला. नौदलप्रमुख डडली पाउंड यांनी ४ जुलै रोजी तेथूनच आज्ञा पाठवली : काफिला मोडा, पांगा. संरक्षक नौका दूर झाल्या. ‘टिर्पिट्झ’ काफिल्यापर्यंत आलीच नाही; पाणबुड्या आणि विमाने मात्र आली. काफिल्यातील एकूण २४ व्यापारी जहाजांना जलसमाधी मिळाली.

समुद्रावरील अधिकाऱ्यांना आजूबाजूस जे दिसत होते, ते लंडनला दिसत नव्हते. तरीही निर्णय लंडनने घेतला. प्रशियाचा सेनापती मोल्टके याने एकोणिसाव्या शतकातच आपल्या सैन्याला वेगळी सवय लावली होती : हाताखालच्या अधिकाऱ्यास उद्दिष्ट सांगावे, ते कसे गाठायचे, हे शक्यतो त्याच्यावर सोपवावे.

५/ नौदलाची आज्ञा काही मिनिटांत पोचते आणि तिचे फळ काही दिवसांत दिसते. जमिनीच्या कारभाराची गोष्ट निराळी असते. तेथे आज्ञा शेकडो हातांतून उतरते, माहिती तितक्याच हातांतून वर चढते आणि चूक उमगेपर्यंत गावे ओस पडलेली असतात. म्हणून या प्रश्नाचा खरा कस पाहायचा तर रणांगणापेक्षा महसुलाच्या दप्तरात शिरावे, असे माझे मत आहे. तर चला, १८१८ च्या दख्खनमध्ये.

६/ पेशवाई बुडाली आणि माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्या हाती जिंकलेल्या मुलखाची व्यवस्था आली. त्याचे धोरण सावध होते. जुनी घडी शक्यतो विस्कटू नये, असा त्याचा कल होता. ती घडी अशी : सरकार सारा ठरवी तो बहुधा गावाशी बोलून. गावाच्या वतीने पाटील बोले, हिशेब कुलकर्णी ठेवी. गावावर एक रक्कम बसली की ती आपापसांत कशी वाटावी, हे गावातच ठरे. कोणाची जमीन हलकी, कोणाचा बैल मेला, कोणाची विहीर आटली, हे गावाला ठाऊक असे.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. वजनदार मिरासदार आपला भार गरीब उपऱ्यावर ढकलीत. कुलकर्ण्याच्या वहीत काय आहे, हे कुलकर्णीच जाणे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महसूल मक्त्याने देण्याची चाल बळावली आणि मक्तेदारांनी रयतेस पिळून काढले. पण एक गोष्ट खरी : जमिनीविषयीचे ज्ञान गावात होते, आणि सरकारला ते गावाकडून मागून घ्यावे लागे.

७/ कंपनी सरकारातील नव्या पिढीला हेच खटकत होते. इंग्लंडात १८१७ साली डेव्हिड रिकार्डोचा अर्थशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. त्यातील खंडाचा सिद्धान्त थोडक्यात असा : चांगल्या जमिनीतून, शेतीचा खर्च आणि भांडवलावरील सर्वसाधारण नफा वजा जाता, जे अधिकचे उरते तो खंड. तो कोणाच्या श्रमाचे फळ नव्हे. तो जमिनीच्या सुपीकतेचा प्रसाद. लंडनला कंपनीच्या मुख्य कचेरीत बसणारा जेम्स मिल याचे म्हणणे होते की असा खंड सरकारने घेतला तर कोणाचेच नुकसान होत नाही. ना शेतकऱ्याचे, ना व्यापाऱ्याचे.

कंपनीच्या मुलकी नोकरांना तयार करणाऱ्या हेलीबरी येथील कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला कोण होते? लोकसंख्येच्या सिद्धान्तासाठी प्रसिद्ध असलेला माल्थस. म्हणजे तेव्हाचे सर्वांत अद्ययावत अर्थशास्त्र शिकून तरुण अधिकारी जहाजात बसत आणि मुंबईस उतरत.

८/ त्यांपैकी एक रॉबर्ट कीथ प्रिंगल. १८२० च्या दशकात पुणे भागातील मोजणी आणि आकारणीचे काम त्याच्याकडे आले. हा माणूस आळशी नव्हता, भ्रष्ट नव्हता, दुष्टही नव्हता. उलट, त्याच्याइतके कष्ट फार थोड्यांनी घेतले असतील. त्याने ठरवले : प्रत्येक शेत मोजायचे. काळी, तांबडी, बरड अशा जातींनुसार मातीच्या प्रती लावायच्या. प्रत्येक प्रतीच्या जमिनीत किती पीक येते, त्यावर बियाणे, बैल, मजुरी असा खर्च किती होतो, हे शोधायचे. एकूण उत्पन्नातून खर्च वजा करायचा. उरेल ते निव्वळ उत्पन्न. त्याचे शेकडा ५५ सरकारचे, बाकीचे रयतेचे.

कागदावर याहून न्याय्य पद्धत सुचणे कठीण आहे. पाटलाची मध्यस्थी नको, घासाघीस नको, वशिला नको. जशी माती, तसा आकार.

९/ आता हा हिशेब नीट पाहा, कारण सारे दुखणे येथेच आहे. समजण्यासाठी सोपे आकडे घेऊ. एका शेतात १०० रुपयांचे पीक येते आणि खर्च ८० रुपये होतो. निव्वळ उत्पन्न २० रुपये. सरकारचा वाटा ११ रुपये.

समजा, पिकाचा अंदाज करताना कारकुनाने १०० ऐवजी ११० लिहिले. चूक शेकडा दहाचीच. परंतु निव्वळ उत्पन्न आता ३० झाले आणि सरकारचा वाटा साडेसोळा. कर दीडपट! त्यातच खर्च ८० ऐवजी ७५ धरला गेला, तर निव्वळ उत्पन्न ३५ आणि कर १९ रुपये ४ आणे. प्रत्यक्षात रयतेच्या हाती उरत होते २० रुपये. दोन किरकोळ चुकांनी तिचे जवळजवळ सारे गेले.

दोन मोठ्या संख्यांची वजाबाकी करून लहान संख्या काढावयाची असेल, तर मूळ संख्यांतील बारीक चूक उत्तरात अनेक पटींनी फुगते. ‘निव्वळ उत्पन्न’ हे नेमके असे उत्तर आहे.

१०/ आणि मूळ संख्या कोण आणत होते? मोजणीदार आणि कारकून. प्रिंगल एकटा, गावे शेकडो, शेते हजारो. साखळी कोठे सैल धरायची, माती कोणत्या प्रतीत टाकायची, हे प्रत्यक्ष बांधावर उभ्या असलेल्या माणसाच्या हाती होते. ज्याने हात ओले केले त्याची काळी जमीन बरड ठरली. ज्याने केले नाहीत त्याची बरड काळी ठरली. पाटील आणि कुलकर्णी यांना या नव्या व्यवस्थेत आपले महत्त्व जाताना दिसत होते. त्यांनी मनापासून साह्य करावे असे काही कारण नव्हते. पुढे तपासणी झाली तेव्हा मोजणीच मुळात सदोष असल्याचे आढळले, आणि तिच्यावर रचलेले उत्पन्नाचे गुंतागुंतीचे अंदाज निरुपयोगी ठरले.

तरीही आकारणी १८३० च्या सुमारास लागू झाली. सिद्धान्त अचूक, तक्ते सुबक, बेरजा बरोबर.

११/ येथे क्षणभर शंभरएक वर्षे पुढे, चीनमध्ये जाऊन येऊ, कारण याच रोगाचे सर्वांत भयंकर रूप तेथे दिसले. १९५८ साली माओच्या ‘मोठ्या झेपे’त वरून लक्ष्ये आली आणि खालून ती गाठल्याच्या खबरा गेल्या. त्या वर्षीचे धान्य ३७.५ कोटी टन झाले, असे जाहीर करण्यात आले. पुढे तो आकडा २५ कोटींवर आणावा लागला, आणि नंतरच्या हिशेबात तो २० कोटींच्या आसपास ठरला. पण सरकारची धान्यवसुली फुगवलेल्या आकड्यांवर बेतलेली होती. त्यानंतरच्या दुष्काळात कोट्यवधी माणसे मेली.

चीनमधील खालचा अधिकारी भीतीने खोटे बोलला. इंदापूरचा कारकून लाचेसाठी. वर बसलेल्याच्या हाती आलेला कागद दोन्हीकडे सारखाच दिसतो.

१२/ परत दख्खनमध्ये. प्रिंगलच्या दुर्दैवाने १८२० च्या दशकापासून धान्याचे भाव घसरत गेले होते. सारा मात्र रोख रुपयांत ठरलेला. भाव उतरले म्हणजे तोच सारा भरण्यासाठी अधिक पोती विकावी लागतात. चढ्या दराला उतरते भाव मिळाले आणि वसुली थकू लागली. थकबाकी काढण्यासाठी खालच्या अंमलदारांनी काय केले, हे मुंबई सरकारच्याच १८७२-७३ च्या वार्षिक अहवालात नोंदलेले आहे. रमेशचंद्र दत्त यांनी आपल्या आर्थिक इतिहासात तो भाग उद्धृत केला आहे. रयतेचा छळ झाला, काही ठिकाणी तो वर्णन करवणार नाही इतका क्रूर होता. माणसे घरेदारे टाकून शेजारच्या संस्थानी मुलखात पळाली. काही तालुक्यांत लागवडीयोग्य जमिनीपैकी एक तृतीयांशच वहिवाटीत उरली.

सूट द्या, बाकी माफ करा, असे हुकूम वर्षामागून वर्ष निघत राहिले. ठरलेला आकार एक आणि वसूल होणारा भलताच.

१३/ १८३५ साली हे निस्तरण्याचे काम मुलकी खात्यातील गोल्डस्मिड आणि मुंबई सैन्याच्या इंजिनिअर दलातील लेफ्टनंट विंगेट यांच्याकडे आले. स्थळ : इंदापूर. अवर्षणाचा तालुका, भीमा-नीरेच्या काठाने थोडी बरी जमीन, बाकी माळ.

या दोघांचे वैशिष्ट्य असे की त्यांनी प्रिंगलच्या हिशेबात दुरुस्ती करण्याचा नाद धरला नाही. त्यांनी मूळ प्रश्नच टाकून दिला. ‘या शेतातून निव्वळ उत्पन्न किती निघते?’ हे कोणालाही खात्रीने सांगता येणार नाही, मग ते विचारायचेच कशाला? त्याऐवजी त्यांनी दोन सोपे प्रश्न घेतले. या भागाने मागील अनेक वर्षांत, बऱ्या आणि वाईट हंगामांत, प्रत्यक्षात किती सारा भरला आणि तेव्हा किती जमीन पिकाखाली होती? आणि हे शेत शेजारच्या शेताच्या मानाने किती आणे चांगले?

१४/ दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कुदळीने मिळत होते. शेताचे भाग पाडायचे, प्रत्येक भागात खणायचे, मातीची खोली हातांत मोजायची. खोल, एकजीव, काळ्या मातीचे शेत १६ आणे. तेथून खाली नऊ प्रती, शेवटची २ आण्यांची. मग दोष पाहायचे. चुनखड मिसळलेली आहे काय? वालसर आहे काय? उतरवट आहे, म्हणजे पाणी आणि माती वाहून जाते काय? उपळवट आहे, म्हणजे आतून पाणी पाझरते काय? करल आहे काय? जितके दोष, तितक्या प्रती खाली.

या शब्दांकडे लक्ष द्या. चुनखड, उतरवट, उपळवट. हे शब्द रिकार्डोच्या ग्रंथातले नव्हेत. ते बांधावरच्या कुणब्याचे शब्द आहेत. सरकारी दप्तरात ते चिन्हांसकट दाखल झाले.

आणि प्रत लावणाऱ्या कारकुनाच्या मागोमाग गोरा अधिकारी शेतात जाऊन काही शेते स्वतः पुन्हा पाही. कोणते शेत तपासले जाईल, हे कारकुनास आधी माहीत नसे. एवढ्याने लाच संपली असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण ती महाग नक्कीच झाली.

१५/ आता एक गंमत, जी अभ्यासकांच्याही सहज ध्यानात येत नाही. प्रिंगलचा हिशेब खालून वर चढत होता : एकेका शेताचे उत्पन्न काढायचे, त्यावरून त्याचा कर, मग गावाची बेरीज, मग तालुक्याची. गोल्डस्मिड-विंगेट यांचा हिशेब वरून खाली उतरत होता : मागील वसुली, पर्जन्यमान, बाजारपेठेचे अंतर पाहून आधी गावांच्या गटासाठी कमाल दर ठरवायचा आणि मग तो आण्यांच्या प्रमाणात शेतांवर वाटायचा. म्हणजे अंकगणितापुरते पाहिले तर ‘टॉप-डाउन’ ते दोघेच!

मग इंदापुरात त्यांचे का टिकले? कारण वरच्या आकड्याचा आधार घडून गेलेल्या गोष्टीत होता, कल्पनेत नव्हता. आणि खालच्या आकड्याला आव्हान देता येत होते. शेजाऱ्याचे शेत बारा आणे आणि माझे चौदा का, असे रयत विचारू शकत होती. दोन्ही शेते डोळ्यांसमोर होती. ‘तुझे निव्वळ उत्पन्न इतके आहे’ या वाक्याला उत्तर देणे मात्र तिला अशक्य होते.

१६/ दर उतरवले गेले आणि आकार ३० वर्षांसाठी कायम करण्यात आला. या मुदतीत शेतात विहीर खोदली, बांध घातले, तरी सारा वाढणार नव्हता. नको असलेले शेत सोडून देण्याची मुभाही होती. ओस पडलेली जमीन हळूहळू नांगराखाली आली. १८४७ साली गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांनी एकत्र बसून या पद्धतीचे नियम लिहून काढले आणि तीच मुंबई इलाख्याची पद्धत झाली. आपले सर्व्हे नंबर, हद्दीचे दगड, आकार हे सारे त्या परंपरेतले.

एखाद्या सरकारने आपल्या चुकीतून इतके शिकावे, हे विरळाच. गोष्ट येथे संपली असती तर मी हा धागा लिहिला नसता.

१७/ नव्या व्यवस्थेने जमीन अचूक मोजली. पण माणसाचे कर्ज तिच्या रकान्यांत नव्हते.

पूर्वी दुष्काळ पडला की गाव सरकारशी घासाघीस करी, आणि सावकारही गावात राहणारा, गावाला बिचकून असणारा. आता सारा ठरलेला, रोख, हप्त्यांच्या ठरलेल्या तारखांना. पाऊस आला न आला, हप्ता चुकत नाही. पैसा आणायचा कोठून? सावकाराकडून. आणि सावकाराच्या पाठीशी आता गावाचे मत नव्हते. दिवाणी न्यायालय होते. रोख्यावर अंगठा आहे ना? मग हुकूमनामा. मूळ रक्कम किती, व्याज किती चढले, रोखा कसा लिहून घेतला, हे पाहण्याचे न्यायाधीशाला प्रयोजन नव्हते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्यांना तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू हा की व्याजावर व्याज साचू नये. सावकारांनी दर तीन वर्षांनी थकीत व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेण्यास आरंभ केला. रयतेच्या रक्षणासाठी वरून आलेला नियम खाली पोचेपर्यंत उलटा झाला होता.

१८/ हे कोणाच्या लक्षात आले नव्हते काय? आले होते. खुद्द विंगेटने १८५२ साली सरकारला लिहिले होते की कर्जाच्या कायद्याने ऋणको आणि धनको यांच्यातील जुने नाते नासले आहे आणि त्यात दोघांचेही अधःपतन होत आहे. ज्याने जमिनीची घडी बसवली त्याचीच ही साक्ष होती. पण न्यायालये हा काही मोजणी खात्याचा प्रांत नव्हता. पत्र दप्तरात गेले. पुढे ते बाहेर काढले गेले ते दंग्यांनंतरच्या चौकशीत.

१९/ अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे भाव आले. सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागले. १८६५ ला युद्ध संपले, भाव कोसळले. आणि नेमकी याच सुमारास, १८६६-६७ मध्ये, इंदापूरची ३० वर्षांची मुदत संपली.

फेरआकारणी करणाऱ्यांनी पाहिले : भाव चढलेले, आगगाडी आलेली, लागवड वाढलेली. सारे खरे होते, पण अपवादात्मक वर्षांचे. नवे दर पूर्वीच्या दीडपटीहूनही अधिक झाले. पहिल्या इंदापूर आकारणीचा पायाच ‘बरीवाईट अनेक वर्षे पाहा’ हा होता. तिच्या वारसदारांना तो ३० वर्षांत विसरला.

२०/ १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिच्या सभासदांना लोकांकडून मुखत्यारपत्रे आणावी लागत, म्हणजे आपण कोणाच्या वतीने बोलतो हे कागदोपत्री दाखवावे लागे. या सभेने १८७२-७३ मध्ये गावोगावची माहिती गोळा करून वाढीव आकाराविरुद्ध सरकारकडे गाऱ्हाणे मांडले. पूर्वी पाटलाच्या तोंडून वर जाणारा गावाचा शब्द आता अर्जाच्या रूपाने, सनदशीर मार्गाने जात होता. सरकारने १८७४ मध्ये वाढीला मर्यादा घातली : गावांच्या गटावर शेकडा ३३, एका गावावर ६६, एका खातेदारावर १०० याहून अधिक वाढ नको. मर्यादा दुपटीची!

तोवर सावकारांनी नवे कर्ज देण्याचे बंद केले होते. सारा भरण्याचा एकमेव मार्गही मिटला.

२१/ १२ मे १८७५. भीमथडी तालुक्यातील सुपे, बाजाराचा गाव. आसपासच्या खेड्यांतील शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर व घरांवर चालून गेले. त्यांनी मागितले काय? रोखे आणि वह्या. ते हाती आले तेव्हा भर रस्त्यात जाळले. धान्य लुटले गेले, काही घरांना आगीही लागल्या. पण माणसांवर हात टाकण्याचे प्रकार त्या मानाने थोडे होते. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत पसरले. जेथे सावकाराने कागद निमूटपणे काढून दिले, तेथे बहुधा त्याला कोणी हात लावला नाही.

मला या दंग्यांतील ही निवड फार बोलकी वाटते. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हते त्यांना नेमका कोणता कागद आपल्याला बुडवत आहे, हे बरोबर ठाऊक होते.

२२/ सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. आयोगाने कर्जबाजारीपणाची पाळेमुळे खणली, सावकारी व्यवहारांच्या शेकडो नोंदी तपासल्या, साक्षी घेतल्या. दंग्यांचे कारण सरकारचा वाढीव सारा नव्हे, सावकारांविरुद्धचा संताप होय, असा निष्कर्ष काढला. जमीन मोजणाऱ्या राज्याने आपले माप मात्र मोजू दिले नाही, इतके म्हणून मी पुढे जातो.

२३/ १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्याने न्यायालयाला रोख्याच्या मागे जाण्याचा अधिकार दिला : व्यवहार पहिल्यापासून तपासा, मुद्दल किती आणि व्याज किती ते वेगळे करा. कर्जासाठी शेतकऱ्यास तुरुंगात टाकणे बंद झाले. गावोगावी निबंधक नेमले गेले आणि त्यांच्यासमोर झाल्यावाचून रोखा ग्राह्य धरला जाईना. इतक्या वर्षांनंतर प्रथमच कायदा कागदावरील अंगठ्यापलीकडे पाहू लागला.

सावकारांनीही कायदा वाचला. गहाणाचा व्यवहार न्यायालय उकरून काढणार असेल, तर गहाण लिहायचेच कशाला? यानंतर अनेक ठिकाणी कर्ज देताना गहाणखताऐवजी खरेदीखत करून घेतले जाऊ लागले. पैसे फेडलेस तर जमीन परत देईन, हा करार तोंडी राहिला; त्याची नोंद निबंधकाच्या वहीत नव्हती. तेथे नोंद होती ती इतकीच, की अमुक सर्व्हे नंबर, इतके एकर, इतके गुंठे, अमुक आकाराची जमीन विकली गेली.